पितळी पाटीवरचं साल

जुन्या इंग्लिश लॉन मोअरची पितळी पाटी म्हणजे त्याचा जन्मदाखला, असं सर्रास धरलं जातं. पण यंत्र अमुक सालाच्या आधीचं नाही, एवढंच पाटी सांगते. ते किती नंतरचं, हे बहुतेक वेळा तिला विचारून उपयोग नसतो. इप्स्विचच्या रॅन्सम्स कंपनीचं बघा. एडविन बडिंगने 1830 मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र ती 1832 पासून परवान्यावर बनवू लागली, आणि पुढे भागीदार बदलले तसं तिचं नावही बदलत गेलं. 'सिम्स अँड हेड' दिसलं तर काळ 1869 ते 1881, म्हणजे दोन्ही टोकं सापडली. 'सिम्स अँड जेफरीज' मात्र 1884 पासून शंभरावर वर्षं टिकलं. त्यावरून काय ठरवणार? 'महाराजांच्या नेमणुकीने' या, राजाचा पुरवठादार असल्याचं सांगणाऱ्या ओळीचंही तेच. 1901 ते 1952 मध्ये चार राजे झाले. पेटंटचा आकडा जास्त कामाचा. 1915 पर्यंत ब्रिटनमध्ये दरवर्षी एकपासून मोजणी सुरू होई, म्हणून आकड्याला साल जोडावं लागे. 1916 पासून 100001 च्या पुढे सलग क्रमांक आले. सहा आकडी पेटंट असलेली पाटी त्याआधीची असूच शकत नाही. तरीही ते साल कल्पनेचं, यंत्राचं नव्हे.

यावर हमखास विचारतात, मग अनुक्रमांक कशाला असतो? कारखान्याची नोंदवही शिल्लक असेल तर त्याच्यासारखा पुरावा नाही. नसेल तर तो नुसता आकडा. शिवाय मोअरवर बसवलेल्या व्हिलियर्स कंपनीच्या इंजिनावर कोरलेला क्रमांक इंजिनाचा असतो, आणि इंजिन दुरुस्तीत बदललेलं असू शकतं. पाटीच दुसऱ्या यंत्राची असेल तर, ही शंका अधिक वजनदार. तिचं उत्तर रिव्हेटपाशी शोधावं. रिव्हेटची डोकी एकसारखी ठोकलेली आहेत का, शेजारी रंगाने बुजलेली जादा भोकं आहेत का, जुना रंग पाटीखाली सलग जातो का? पाटीच्या कडेवर रंग चढला असेल तर तो नंतर मारलेला. खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर सर्वांत उशिराचं साल धरावं; फक्त ती खूण सहज बदलता येणाऱ्या भागावर नसावी. विक्रीच्या यादीतलं '1908 चं यंत्र' पुष्कळदा 1908 च्या पेटंटचं असतं. '1908 नंतर' लिहिलं की भाव उतरतो, हे कबूल.