आमची क्वालिस

आमच्या दाराशीं उभी असलेली क्वालिस पाहून विद्यार्थी हंसतात, हें आम्हांस ठाऊक आहे. टोयोटाची ही गाडी आपल्या देशांत २००० सालीं आली आणि चांगला खप असतांच २००५ सालीं बंद झाली. तिच्या जागीं इनोव्हा आली. आठ माणसें गार हवेंत बसून महाडाहून मुंबईस जात, हें त्या काळीं आम्हां मास्तर मंडळींस ऐश्वर्यच वाटे. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करून ती अजून आम्हांस पोलादपुरास तासांसाठीं नेऊन सोडते.

२०२१ च्या जुलैंत सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें, तेव्हां ती कांचांपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही किल्ली फिरविणार, तोंच आमचे मिस्त्री ओरडले, "सर, स्टार्ट मारूं नका!" सिलिंडरांत शिरलेलें पाणी दाबलें जात नाहीं, किल्ली फिरती तर कनेक्टिंग रॉडच वांकते. त्यांनीं तेल दोनदां बदललें, डिझेलची टाकी धुतली, स्टार्टर उघडून वाळविला. इंजिनावर हुकूमत चालविणारा संगणक हिच्यांत नाहीं, म्हणून ती जगली.

पुढें प्रश्न आला सुट्या भागांचा. ते तीन जातींचे: कंपनीचा, लोकल, आणि भंगारांतल्या गाडीचा. दाराची मूठ भंगारांतली चालते. त्याबद्दल आमचा आग्रह नाहीं. पण एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरींतील अपपाठ काढून प्रत शुद्ध केली, ती दृष्टि ब्रेकच्या बाबतींत हवी, हें आम्हीं उशिरा शिकलों. एका दुकानदारानें कंपनीच्या खोक्यांत घालून दिलेला मास्टर सिलिंडरचा रबरी संच आम्हीं विश्वासानें बसवून घेतला. तीन महिन्यांनीं, मातोश्रींना महाबळेश्वराहून आणीत असतां, आंबेनळी घाटांत ब्रेकचें पेडल पायाखालीं तळाला गेलें. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. आम्हीं दुसरा गिअर टाकला, मग पहिला; हातब्रेक हळूहळू ओढीत गाडी डोंगराच्या अंगास टेकविली. हात थरथरत होते. मागून मातोश्री म्हणाल्या, "चहाला थांबलास का रे?"

मिस्त्रींनीं तें रबर काढून तळहातावर ठेविलें. ब्रेकच्या तेलांत तें फुगून मऊ पडलें होतें. कंपनीचा नवा सिलिंडर यावयास तीन आठवडे लागले. किंमत ऐकून सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. एरवीं त्या बोलतात. तोंवर आम्ही एस्. टी. नें पोलादपुरास गेलों.

मार्गशीर्षांत पुन्हां त्याच घाटानें उतरत होतों. त्या वळणावर मातोश्री म्हणाल्या, "इथें थांबव, हवा छान आहे." आम्हीं ब्रेक दाबला. गाडी थांबली.