दोन जन्मतारखांचा आमदार

१ जानेवारी १९९३ आणि ३० सप्टेंबर १९९०. या दोन तारखांमध्ये सव्वादोन वर्षांचं अंतर आहे. एवढ्याशा अंतरात उत्तर प्रदेशातल्या एका तरुण नेत्याची आमदारकी बुडाली आणि तो, त्याची आई आणि त्याचे वडील असे तिघेही तुरुंगात गेले. हा नेता म्हणजे रामपूरचे अब्दुल्ला आझम खान, समाजवादी पक्षाचे ज्येष्ठ नेते आझम खान यांचा मुलगा.

आपल्याकडे या प्रकरणावर बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, 'मुसलमान नेता होता म्हणून संपवला.' दुसरा म्हणतो, 'बघा, यांचे कागद असेच असतात.' मला दोन्ही सूर पटत नाहीत. मी उर्दू शाळेत शिकवते. मुलांचे दाखले, जनरल रजिस्टर, दहावीचे फॉर्म हे माझं रोजचं काम आहे. म्हणून या गोष्टीकडे मी राजकारणाच्या आधी रजिस्टरच्या बाजूने बघते.

आधी घडलं काय ते सांगते. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपची मोठी लाट होती. ४०३ पैकी ३१२ जागा भाजपने एकट्याने जिंकल्या. त्या लाटेतही रामपूर जिल्ह्यातल्या स्वार मतदारसंघातून अब्दुल्ला पन्नास हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. शिक्षण एम.टेक., वय कोवळं, वडील १९८० पासून रामपूरच्या राजकारणात. तरुण मुसलमान आमदार म्हणून आपल्यातल्या अनेकांना कौतुक वाटलं होतं.

त्यांच्याविरुद्ध हरलेले बसपाचे उमेदवार, रामपूरच्या नवाब घराण्यातले काझिम अली खान, न्यायालयात गेले. आमदार होण्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. अब्दुल्ला यांच्या शालेय प्रमाणपत्रावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९९३, म्हणजे अर्ज भरताना वय २४. अब्दुल्ला यांचं म्हणणं असं की शाळेत तारीख चुकीची लागली, खरा जन्म १९९० चा, लखनौच्या रुग्णालयातला. त्याचा जन्मदाखलाही होता, पण तो २०१५ मध्ये काढलेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाला हे पटलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये निवडणूक रद्द झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. दोन जन्मदाखल्यांचा फौजदारी खटला वेगळा चालला. त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये रामपूरच्या न्यायालयाने तिघांनाही सात वर्षांची शिक्षा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन पॅन कार्डांच्या खटल्यात बाप-लेकांना पुन्हा सात वर्षं.

'शाळेत तारीख चुकीची लागली' हे वाक्य वाचून अनेक जण हसले असतील. मी हसले नाही. आपल्या महाराष्ट्रात किती लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो ते बघा. शाळा जूनमध्ये उघडायची, आईवडिलांना तारीख माहीत नसायची, गुरुजी सहा वर्षं मागे मोजून १ जून लिहायचे. आमच्या शाळेत एक अम्मा मुलाचं नाव घालायला आल्या होत्या. तारीख विचारली तर म्हणाल्या, 'बारिश के दिन थे मॅडम, रात का वक्त था.' तारीख नाही, साल नाही, पण पाऊस पक्का लक्षात. अशा देशात शाळेतली तारीख चुकणं ही काही अशक्य गोष्ट नाही.

पण त्या अम्मा आणि आझम खान यांच्या घरात फरक आहे. इथे वडील मंत्री, आई प्राध्यापिका. तारीख चुकली असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला वकील होते, ओळखी होत्या, मुख्य म्हणजे वेळ होता. तरी शिक्षणाच्या सगळ्या कागदांवर १९९३ च राहिलं. १९९० चा दाखला आला तो निवडणूक दोन वर्षांवर आल्यावर.

गरिबाला एवढी सोय नसते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या दाखल्यावर एक तारीख होती आणि आधारवर दुसरी. नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळी ते उघड झालं. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होते, शाळा सुटल्यावर ते काम फार अवघड होऊन बसतं. तिच्या अब्बांनी मजुरी बुडवून इतके हेलपाटे घातले की शेवटी ते म्हणाले, 'बस्स, पुढच्या साली बघू.' ते पुढचं साल आलं तेव्हा मुलीचं लग्न झालेलं होतं.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात सत्ता बदलली आणि त्यानंतर आझम खान यांच्यावर ऐंशीहून अधिक गुन्हे दाखल झाले. त्यात म्हशी आणि बकऱ्या चोरल्याचे आरोपसुद्धा होते. इतक्या वर्षांच्या राजकारणात विरोधकांना न दिसलेले गुन्हे एकदम दिसू लागले, तर लोकांना सूडाचा वास येणारच.

त्याहून बोचणारी गोष्ट २००८ ची आहे. त्या जानेवारीत मुरादाबाद जिल्ह्यात पोलिसांनी आझम खान यांची गाडी तपासणीसाठी अडवली आणि रस्त्यावर धरणं झालं. त्या खटल्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये अब्दुल्ला यांना दोन वर्षांची शिक्षा लागली आणि दुसऱ्यांदा मिळवलेली आमदारकीही गेली. आता हिशोब करा. १९९३ धरा, तेव्हा वय १५. १९९० धरा, तेव्हा वय १७. कोणतीही तारीख घेतली तरी मुलगा अठराच्या आतला. तरी तो घटनेच्या वेळी अल्पवयीन होता का याची चौकशी करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, तेही सप्टेंबर २०२३ मध्ये. तोवर मे महिन्यात पोटनिवडणूक होऊन अपना दल (सोनेलाल) चे शफीक अन्सारी स्वारचे आमदार झालेले होते.

म्हणून मी म्हणते, एका माणसावर अन्याय झाला आणि त्याच माणसाकडून चुकीचं काम झालं, या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. हमदर्दी पहिल्या गोष्टीसाठी जरूर ठेवावी. पण तिच्या चादरीखाली दुसरी गोष्ट झाकू नये.

मला सगळ्यात जास्त खटकते ती घाई. २०२२ मध्ये अब्दुल्ला पुन्हा स्वारमधून उभे राहिले. तेव्हा कोणत्याही तारखेने वय पुरत होतं. समोर नवाब घराण्यातलाच तरुण, काझिम अली खान यांचा मुलगा हैदर अली. अब्दुल्ला साठ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. म्हणजे पाच वर्षं थांबले असते तर काहीच बिघडलं नसतं! २०१७ मध्ये स्वारमध्ये वय पूर्ण असलेला, पक्षासाठी सतरंज्या उचललेला एखादा कार्यकर्ता नव्हता का? असणारच. पण वडील आमदार, आई राज्यसभेत, मग मुलगाही विधानसभेत हवा. घराणेशाहीला थांबणं जमत नाही, मग ती नवाबांची असो की नवाबांशी आयुष्यभर लढलेल्यांची.

या घाईची किंमत फक्त त्या घराने मोजली नाही. डिसेंबर २०१९ पासून २०२२ च्या निवडणुकीपर्यंत स्वारची जागा रिकामी होती. कोरोनाच्या काळात, लोक दवाखाने आणि रेशनसाठी वणवण करत असताना, त्या मतदारसंघाला आमदारच नव्हता.

आणि किंमत आपणही मोजतो. सीएए-एनआरसीच्या चर्चेपासून आपल्या मोहल्ल्यांत लोक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उशिरा नोंदवलेल्या जन्मांचे दाखले देणं थांबवलं आणि मालेगावच्या दाखल्यांसाठी विशेष तपास पथक नेमलं. ज्यांचा जन्म घरी सुईणीच्या हातून झाला, अशा म्हाताऱ्या बायकांकडेही संशयाने बघितलं गेलं. अशा वेळी एका बड्या नेत्याच्या घरातले दोन दाखले सगळ्या समाजाच्या तोंडावर फेकले जातात. ते चूकच आहे. पण फेकायला हातात दगड कोणी दिला, हेही आपण आपल्या नेत्यांना विचारायला हवं.

नेत्यांचं काय व्हायचं ते वरची न्यायालयं ठरवतील. वाचकांपैकी ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत त्यांना मात्र एक विनंती. या आठवड्यात शाळेत जाऊन रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नाव, वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मठिकाण. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून ताडून बघा. फरक असेल तर लगेच अर्ज द्या आणि पोच घ्या. दहावीचा फॉर्म भरला गेला की ती नोंद बोर्डाच्या कागदावर चढते, आणि मग हेलपाटे सुरू होतात.