शिमगो दारात येऊंदे

मालवण किनाऱ्यावरच्या शिमग्याची ओळख बाहेरच्यांना रंगांचा सण म्हणून करून दिली जाते. रंग आमच्याकडेही उधळतात, पण मुख्यतः फाल्गुन वद्य पंचमीला, आणि तो सणाचा एक भाग झाला. पौर्णिमेला होळी उभी राहिली की गावाच्या रिवाजाप्रमाणे कुठे पाच, कुठे सात, कुठे पंधरा दिवस शिमगो चालतो. मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या जागी, गाऱ्हाणं होतं, ढोल-ताशे निघतात, राधा नाचते, पोरं शबय, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, मागत फिरतात. या साऱ्याच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: शिमगो माणसांच्या खळ्यात चालत येतो. राधानृत्याच्या आणि रोंबाटाच्या, म्हणजे शिमग्याच्या नाचत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, स्पर्धा आता मंचावर होतात, त्यांना माझा विरोध नाही. पण एका रात्रीचा कार्यक्रम झाला म्हणजे शिमगो झाला, असं गावाने मानू नये, एवढं मला ठामपणे म्हणायचं आहे.

दारात येणारा खेळ घर निवडत नाही. वाडीतल्या चिरेबंदी घरापुढे जो ढोल वाजतो, तोच एकट्या म्हातारीच्या कौलारू घरापुढेही वाजतो. नारळ ठेवला की गाऱ्हाणं घातलं जातं. मुंबईला गेलेल्या मुलाची नोकरी, रखडलेलं लग्न, घरातलं आजारपण त्यात येतं, आणि भोवतालची सगळी माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एका घराची काळजी त्या घटकेपुरती वाडीची होते. किनाऱ्यावरच्या गाबीत वस्त्यांतले फागही असेच आपल्या माणसांत, आपल्या आवाठात गायले जातात. मंचासमोर बसलेला माणूस प्रेक्षक असतो, त्याच्या घराचं नाव कोणी घेत नाही. आणि आज हे नाव घेण्याची गरज वाढली आहे. 2001च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011मध्ये ती 8,49,651 झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा आणि शेजारची रत्नागिरी घटली. वाडीत कुठलं दार बंद पडलं, कुठल्या घरात फक्त वयस्कर माणसं उरली, हे फेरी मारणाऱ्यांना पावलागणिक कळतं.

यावर म्हटलं जातं की, माणसंच नाहीत तर दारोदार फिरणार कोण? चाकरमान्याला दोन दिवसांची रजा मिळते, गाडीचं तिकीट मिळवणं हाच एक खटाटोप असतो. अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय फेरी लहान करणं हा आहे. आज ही वाडी, उद्या ती. फेरी बंद करून सगळ्यांना मैदानात बोलावलं, तर ज्यांना चालवत नाही तेच सर्वांत आधी गळतात. दुसरा आक्षेप मानपानाचा. पहिला मान कोणाचा यावरून गावं दुभंगतात, पोलिसांना मध्ये पडावं लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो वाद मांडावरच्या अधिकाराचा आहे, दारावरच्या फेरीचा नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पारंपरिक फेरीत बाई उंबऱ्याशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी राहते, नाचणारी राधाही पुरुषच असतो. मंचाने बायकांना वाव दिला, हे त्याचं मोठं देणं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. मग तोच वाव फेरीतही मिळावा. ढोल वाजवणाऱ्या मुली वाडीतून फिरल्या तर कुठलाही देव कोपणार नाही, असं माझं मत आहे.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि सुट्टी काढून येणाऱ्या चाकरमान्यांना म्हणून एकच विनंती: स्पर्धा जरूर ठेवा, पण वाडीतलं शेवटचं घर झाल्यावर. आणि घराला कुलूप लावून मुंबईला राहत असाल, तर शिमग्याच्या त्या एका दिवसापुरतं तरी येऊन दार उघडा.