रिले चिकटला, मोटार थांबेना

‘मायसेल्फ’ हा शब्द त्या दुपारी मी १९ वेळा ऐकला.

जालन्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घ्यायला गेलो होतो. इन केलेले शर्ट, कुणाच्या पायात थोरल्या भावाचे बूट. नाव, गाव, हॉबी क्रिकेट, स्ट्रेंथ हार्ड वर्क. सगळं एकाच पीडीएफमधून पाठ केलेलं. चौथ्या मुलाचा ‘वीकनेस’सुद्धा आधीच्या तिघांचाच निघाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

इथल्या रोलिंग मिलमध्ये नोकरी धरली तर इंग्रजीवाचून फारसं अडत नाही, हिंदी-मराठीवर भागतं. गाडी अडते वाळूज, चाकण, हिंजवडीच्या दारात. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं आणि ही मुलं त्यानंतर जन्मलेली. पेपर लिहितात, मॅन्युअल वाचतात. बोलायची वेळ मात्र त्यांच्यावर कुणी आणलेलीच नसते. २०२१पासून पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकता येतं, तेही चांगलंच. पण मुलाखत घेणारा समोर बसला की तो इंग्रजीतच सुरू होतो.

अंबडकडचा एक मुलगा आला. इलेक्ट्रिकलचा, घरी मोसंबीची बाग. तिसऱ्या वाक्याला अडकला, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला, तिथंच परत अडकला. कपाळावर घाम.

मी त्याची फाइल मिटली. “राहू दे ते. प्रोजेक्ट काय केलास? मराठीत सांग.”

पोरगं खुर्चीतून उठलंच. टेबलावरची बाटली विहीर झाली, माझं पेन पाइप. जमिनीतली ओल मोजून रिलेनं मोटार आपोआप चालू-बंद करायची, असा प्रोजेक्ट. “सर, पण रिले चिकटायला लागला. मोटार बंदच होईना. रातभर चालू. सकाळी बागेत तळं!” वडील काय म्हणाले, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. १ एचपीची मोटार चालताना पाच-सहा अँपिअर ओढते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्या धक्क्यात बोटाएवढ्या रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना धरून बसले होते. मग त्यानं मध्ये कॉन्टॅक्टर घातला. रिले फक्त त्याची कॉइल चालवणार, मोटारीचा भार कॉन्टॅक्टर घेणार.

“आता हेच इंग्रजीत. चुकलं तर चुकू दे.”

तो बाटलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “रिले स्टक. मोटर नॉट स्टॉप. सो आय पुट कॉन्टॅक्टर.”

“व्हाय स्टक?”

“स्टार्टिंग करंट हाय, सर. रिले स्मॉल.”

क्रियापदं गळालेली, पण मुद्दा एकही गळाला नव्हता. त्या दिवशीचं मला पटलेलं पहिलं उत्तर हे. उरलेल्यांची पीडीएफ मग मी ऐकलीच नाही, थेट प्रोजेक्टवर बोलायला लावलं. सगळ्यांना जमलं असं नाही. दोघांचे प्रोजेक्ट विकत आणलेले होते, ते मराठीतही अडखळले.

निघताना तो मुलगा दारात थांबला होता.

“सर, चिकटला म्हणायला ‘वेल्ड झाला’ म्हणलं तर चालंल का?”

“अरे, रिलेच्या डेटाशीटमध्ये तोच शब्द असतो.”