सगळं माहीत असणाऱ्याचं काम

माफियाच्या खेळात डॉक्टर मेला, तरी सूत्रधाराने त्याला रोज रात्री हाक मारायची असते. ‘डॉक्टर, डोळे उघड. आज कुणाला वाचवायचंय?’ असं विचारायचं, तो जिवंत असताना आपण जेवढा वेळ थांबत होतो तेवढाच वेळ थांबायचं आणि मग त्याच आवाजात म्हणायचं, ‘डॉक्टर, डोळे मीट.’ समोर कुणीही डोळे उघडलेले नसतात. पण बाकीचे मिटल्या डोळ्यांनी कान देऊन ऐकत असतात. थांबणं जरा जरी आखूड झालं, तर डॉक्टर गेला हे गावाला कळलं. खेळाडूंनी जे वाद घालून, अंदाज बांधून शोधायचं, ते सूत्रधाराच्या श्वासातून फुकट मिळालं. मी इतकी वर्षं हा खेळ चालवते आहे, आणि माझ्या मते सूत्रधाराची सगळी विद्या या थांबण्यात आहे.

खेळ साधा आहे. नऊ जण असतील तर दोन माफिया, एक डॉक्टर, एक डिटेक्टिव्ह आणि पाच साधे गावकरी. कोण कोण आहे हे ज्याचं त्यालाच ठाऊक, आणि स्वतः न खेळता खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला. माफिया मात्र एकमेकांना ओळखतात. रात्री माफिया एकाचा काटा काढतात, डॉक्टर एकाला वाचवू पाहतो, डिटेक्टिव्ह एकाची चौकशी करतो. दिवसा सगळे मिळून वाद घालतात आणि मतदानाने एकाला बाहेर काढतात. सगळे माफिया गेले तर गाव जिंकलं; उरलेल्यांत माफिया बाकीच्यांच्या बरोबरीला आले तर गाव हरलं. दिमित्री दाविदोव याने १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात हा खेळ रचला. मूठभरांना सगळं माहीत आणि बहुसंख्यांना काहीच नाही, अशी झुंज लावली तर काय होईल, हा त्यामागचा विचार. तिथून तो वसतिगृहांमधून आणि उन्हाळी शिबिरांमधून देशोदेशी गेला. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन माणसाने माफियांच्या जागी नरलांडगे आणले. दिवसा चारचौघांसारखा दिसणारा आणि रात्री जीव घेणारा शत्रू दाखवायला त्याला ते जास्त चपखल वाटले.

माझ्यापर्यंत हा खेळ येण्याआधी राजा-मंत्री-चोर-शिपाई आला होता. मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेला आत्याकडे आम्ही भावंडं जमायचो. वहीच्या पानाच्या चार चिठ्ठ्या उधळायच्या, राजाने ‘माझा मंत्री कोण?’ म्हणून विचारायचं आणि मंत्र्याने उरलेल्या दोघांतला चोर ओळखायचा. राजाला हजार गुण, चोराला शून्य. आत्या आमच्या मागे शेंगा फोडत बसलेली असायची. तिला आमच्या हातातल्या चिठ्ठ्या दिसायच्या. मंत्री झालेला हमखास तिच्याकडे बघायचा आणि ती शेंगांकडे बघायची. तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला कधीही चोर सापडला नाही. सगळं दिसणारं माणूस तोंड मिटून बसू शकतं, हे मी पहिल्यांदा तिच्यात पाहिलं.

माफिया भेटला तो कराडला, मुलींच्या हॉस्टेलवर. ते भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी दिवे गेले की अभ्यास थांबायचा, खोलीत मधोमध मेणबत्ती लागायची आणि भोवती दहा-बाराजणी गोल करून बसायच्या. सूत्रधाराला आम्ही ‘गॉड’ म्हणायचो. अनेक कॉलेजांत आजही तेच म्हणतात. इतर मुलींना गॉड व्हायचा कंटाळा यायचा, कारण खेळायला मिळत नाही. मला ते आवडायला लागलं. बोलताना मान वर करून छताकडे बोलायचं, म्हणजे आवाज कुणाच्या दिशेने गेला ते कळत नाही. माफियाने बोट दाखवलं की मान डोलवायची, ‘हं’ म्हणायचं नाही. चालत फिरायचं तर पूर्ण गोल फिरायचं, मध्येच कुठे रेंगाळायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, खेळता खेळता जमत गेलं. रोज एका ताटात जेवणाऱ्या दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघून आपण निर्दोष असल्याची शपथ घ्यायच्या. त्यातली कुठली खोटी, हे खोलीत फक्त मला माहीत असायचं.

पुढे नोकरी, लग्न, मुलगी, आणि खेळ बाजूला पडला. तो परत आला मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीत. मिरजेची भावंडं तोवर पुणे, बंगळुरू, डब्लिन, न्यू जर्सी अशी पांगली होती. त्याच वर्षी ‘अमंग अस’ हा २०१८ साली आलेला मोबाइलवरचा गेम अचानक घराघरांत पोचला. यानातल्या प्रवाशांमध्ये लपलेला घातकी शोधायचा, म्हणजे मूळ खेळ तोच. पण तिथे सूत्रधार म्हणजे यंत्र. भाचरं त्यात रमली आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून खेळायचा माफिया सुरू केला. एक रात्र आणि दोन दिवस अशी फेरी. मतदानाची वेळ भारतात रात्री नऊ. उन्हाळ्यात तेव्हा डब्लिनला दुपारचे साडेचार आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. ‘गाव’ नावाचा एक ग्रुप, माफियांचा वेगळा, आणि बाहेर पडलेल्यांसाठी भुतांचा ग्रुप. टाळेबंदी उठली, पण खेळ थांबला नाही. मित्रांचे मित्र आले आणि आता अर्धे खेळाडू मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलेही नाहीत.

ऑनलाइन खेळात छताकडे बघून बोलता येत नाही. तिथे सूत्रधाराला वेगळी राखण करावी लागते. कोण किती वाजता ऑनलाइन होतं हे लोक बघतात, म्हणून ‘लास्ट सीन’ सगळ्यांनी बंद ठेवायचा. रात्री मी फक्त डॉक्टरला आणि डिटेक्टिव्हला विचारलं, तर एकाच घरात खेळणाऱ्या नवरा-बायकोला फोनच्या आवाजावरून कळेल. म्हणून साध्या गावकऱ्यांनाही मी रोज रात्री विचारते, ‘आज सगळ्यात जास्त संशय कुणावर?’ मेसेज डिलीट करायचा नाही, बदलायचा नाही, माझा मेसेज दुसऱ्याला दाखवायचा नाही. कोण कोण होणार याच्या चिठ्ठ्या वाटीत टाकून माझी मुलगी उचलते, मी निवडत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नियमाबद्दल कुणी खाजगीत प्रश्न विचारला, तर उत्तर गावात, सगळ्यांना द्यायचं. आणि प्रश्न कुणाचा होता ते कळू द्यायचं नाही.

माफिया किती ठेवायचे, यावर गणितज्ञांनीही विचार केला आहे. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्खानन मोसेल यांचा या खेळावरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिटेक्टिव्ह नसेल, तर माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असली तरी दोन्ही बाजूंना जिंकण्याची बरोबरीची संधी मिळते, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे गाव जितकं मोठं, तितके त्याला हरवायला शेकडेवारीने कमी लोक पुरतात. एक डिटेक्टिव्ह आला की चित्र पालटतं. मग माफियांना खेळाडूंचा ठरावीक हिस्साच लागतो, वर्गमूळ पुरत नाही. खरं शोधून सांगणारं एकच माणूस गावाला केवढं बळ देतं, हे त्या समीकरणांत दिसतं. मी डिटेक्टिव्ह कधीही वगळत नाही.

लिहून खेळण्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. समोरासमोर खेळताना मोठ्या आवाजाचं माणूस गावाला ओढून नेतं. लिहिताना तसं होत नाही. बोलताना अडखळणारा एक मुलगा आमच्याकडे खेळतो. कुणी कुणाला कधी मत दिलं, याची तो तारीखवार मांडणी करतो आणि गाव निमूट वाचतं. सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी आहेत. माफिया झाल्या की त्या गावाच्या तब्येतीची आणि जेवणाची इतकी आपुलकीने चौकशी करतात, की त्यांच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही. वयाने, आवाजाने, हुद्द्याने दबलेली माणसं इथे मोकळी होतात, आणि त्यांच्यासाठी जागा नीट राखणं हे माझं काम आहे.

आमच्या गावात ‘फाशी’ किंवा ‘ठार’ हे शब्द नाहीत. मतदानाने कुणी ‘बाहेर’ जातो, एवढंच मी लिहिते. त्याला कारण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ज्या अ‍ॅपवर आम्ही खेळतो ते हेच. नियम लिहायला बसले तेव्हा राईनपाडा माझ्या डोळ्यांसमोर होता. पहिल्या दिवशी गाव कुणालाही आंधळेपणाने बाहेर काढत असेल, तर नऊ जणांत तो निर्दोष असण्याची शक्यता नऊपैकी सात असते. तरीही लोक ठाम असतात. ‘मला आतून जाणवतंय’, ‘त्याचं लिहिणं वेगळं वाटतंय’, ‘गप्प आहे म्हणजे तोच’. मी हे वाचत असते आणि तो निर्दोष आहे हे मला माहीत असतं. म्हणून एक नियम मी कधी सैल केला नाही: ज्याच्यावर सगळ्यात जास्त मतं आहेत, त्याला शेवटचं म्हणणं मांडायला पूर्ण एक तास, आणि त्या तासात गावात दुसऱ्या कुणी लिहायचं नाही. त्या तासात मतं फिरलेली मी पाहिली आहेत.

या सवयी खेळापुरत्या राहिल्या नाहीत. आमच्या भावकीत जमिनीच्या वाटणीवरून वाकडं आलं, तेव्हा दोन्ही बाजू मला फोन करायच्या. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, दोघांशी त्याच सुरात बोलायचं, ऐकताना हुंकारही जपून द्यायचा, हे मला तोवर अंगवळणी पडलं होतं. निकाल लावायचा अधिकार मला नव्हता. पण दोघांनाही पूर्ण बोलू देणारं घरात एक माणूस आहे, एवढ्याने बोलणी चालू राहिली आणि शेवटी वाद कोर्टाबाहेर मिटला. गुपित सांभाळणं म्हणजे नुसतं गप्प बसणं, असं मी पूर्वी मानत असे. आता मला वाटतं, ज्याला जास्त माहीत आहे त्याने ते ज्ञान कुणाच्याही पारड्यात पडू न देणं, यात फार मोठी मेहनत आहे. न्यायाधीश, पंच, डॉक्टर, शिक्षक, घरातलं मोठं माणूस अशा सगळ्यांना ती करावी लागते.

बाहेर गेलेल्याची चिठ्ठी खेळ संपेपर्यंत आमच्याकडे उघडत नाही. खेळ संपला की मी सगळी नोंद गावात टाकते: कुणाची चिठ्ठी कोणती, कुठल्या रात्री कुणी कुणाचं नाव घेतलं, डॉक्टर कुणाच्या दाराशी उभा होता. मग गावाला कळतं, की पहिल्याच दिवशी हाकललेली मुलगी खरंच साधी गावकरी होती आणि तिने शेवटच्या तासात लिहिलेली दोन्ही नावं बरोबर होती. लोक तिचं नाव घेऊन माफी मागतात, तिने लिहिलेलं पुन्हा काढून वाचतात, आपण कुठे घसरलो ते शोधतात. पुढच्या खेळात तिच्या मताला वजन येतं. बाहेरच्या जगात असा सगळा हिशेब उघडा होईलच, याची खात्री नसते. कित्येक निर्दोष माणसं संशय अंगावर वागवतच जातात. म्हणून मी प्रत्येक रात्रीची नोंद वेळेसकट लिहून ठेवते. खेळात का होईना, खरं बोललेल्या माणसाला त्याचं खरेपण परत मिळालं पाहिजे, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याने ते शेवटपर्यंत जपून त्याच्या हाती दिलं पाहिजे.