सही न करणारी बाई

जुन्या युरोपातल्या सरदारीणबाईंची चित्रं मला सगळी सारखीच वाटायची. रेशमी झगा, मोत्यांची माळ आणि कंटाळलेला चेहरा. पण लेडी ॲन क्लिफर्डचं १६४६ सालचं ‘द ग्रेट पिक्चर’ पाहिलं आणि म्हटलं, हे पोर्ट्रेट कसलं, ही तर कोर्टात दाखल करायची फाइल!

प्रकरण असं. ॲनचा जन्म १५९० चा, उत्तर इंग्लंडमधल्या स्किप्टनच्या किल्ल्यातला. दोन्ही भाऊ लहानपणीच गेले. वडील जॉर्ज क्लिफर्ड, कंबरलँडचे अर्ल, १६०५ मध्ये वारले आणि जाताना सगळी जहागीर आपल्या भावाच्या नावे करून गेले. पंधरा वर्षांच्या मुलीला काय, तर रोख १५,००० पौंड. (हे जॉर्जराव आपल्याला अगदीच परके नाहीत बरं का! १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला मिळालेल्या सनदेत पहिलं नाव त्यांचंच. त्यांचंच जहाज कंपनीने घेऊन ‘रेड ड्रॅगन’ केलं आणि १६१२ मध्ये ते सुरतेजवळ सुवाळीला पोर्तुगीजांशी लढलं.)

पोरीचं म्हणणं साधं होतं. जुन्या दस्ताप्रमाणे जमीन थेट वारसाची, मग तो मुलगा असो की मुलगी. आई पाठीशी होती. नवरा मात्र पैसे घेऊन मोकळं व्हायच्या मताचा. १६१७ मध्ये खुद्द राजा जेम्ससमोर तिला उभं केलं, तरी बाई कबूल झाली नाही. निकाल काकांच्या बाजूने लागला, पैसा नवऱ्याच्या खिशात गेला. आमच्या गावाकडे हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या आत्या मी पाहिल्यात. चहा होतो, साडी मिळते, विषय संपतो. हिने विषय संपू दिला नाही. १६४३ मध्ये चुलतभाऊ मागे मुलगा न ठेवता वारला, तेव्हा कुठे जहागीर हिच्याकडे आली. ३८ वर्षं! आपण एका केटीने खचतो.

मग तिने हे चित्र काढून घेतलं. तीन फलक, मधला एकटाच अडीच मीटरचा. त्यात आईवडील आणि दोन भाऊ. ॲन दिसत नाही, कारण ती आईच्या पोटात आहे! डावीकडे पंधरा वर्षांची ॲन, मागे पुस्तकं नीट लावलेली. उजवीकडे छप्पन्न वर्षांची, पुस्तकं अस्ताव्यस्त, पायाशी कुत्रा नि मांजर. मधली चाळीस वर्षं गायबच. दोन्ही नवरे? भिंतीवरच्या छोट्या फ्रेममध्ये. कडेने कुळाची चिन्हं आणि कोण कोणाचं कोण याचा बारीक अक्षरातला मजकूर. चित्रकार बहुधा यान फान बेलकांप. बरेचसे चेहरे त्याने जुन्या चित्रांवरून उतरवलेत, म्हणजे असाइनमेंट कॉपीच. पण बाईंना कला नको होती, पुरावा हवा होता.

त्या वेळी यादवी युद्धामुळे ती लंडनमध्येच अडकली होती. १६४९ मध्ये उत्तरेला पोचली आणि पडझड झालेले किल्ले एकेक करून बांधून काढले. १६७६ मध्ये, ८६ व्या वर्षी गेली. वाढलेल्या मुली दोन, मुलगा एकही नाही. जहागीर मुलीच्याच वंशात गेली.