लातूरला शिकायला

2 सप्टेंबर 2024, सोमवार. लातूर

आज पोळा. कालपासून पावसाला उसंत नाही. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या क्लासला सुट्टी नव्हती, त्यामुळे रेनकोट घालून सकाळचा बायोलॉजीचा तास केला, मग डीपीपी, म्हणजे रोजचा सराव पेपर, सोडवला. दुपारी मेसच्या डब्यात पुरणपोळी निघाली तेव्हा सण जाणवला. उद्योग भवनाच्या या भागात सणवार डब्यातूनच कळतात. इथे प्रत्येक गल्लीत होस्टेल, मेस, झेरॉक्सचं दुकान आणि अभ्यासिका. भिंतीभिंतीवर मागच्या वर्षीच्या मुलांचे फोटो आणि खाली नीटमध्ये 720 पैकी मिळालेले मार्क.

रात्री घरी फोन केला. बाबा म्हणाले, "बैलं धुवायला वढ्यावर नेताच आली नाहीत. वढा लई भरून चाललाय. दारातच आंघोळ घातली." आजीला झूल भिजल्याची काळजी. तेवढ्यात नांदेडहून मामाचा फोन आला, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले म्हणून.

पाचवी ते दहावी मी मामाकडे नांदेडला होते. दरवाजे उघडले की मामा आम्हा पोरांना लांबूनच गोदावरी दाखवायला गोवर्धन घाटाकडे न्यायचा. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाई विचारायच्या, काल पाहिलेलं पाणी कुठून आलं? मग फळ्यावर त्र्यंबकेश्वरापासून रेघ निघायची. वाटेत पैठणचं जायकवाडी, सिंदफणा आणि पूर्णा मिळायच्या आणि मग नांदेड. तो नकाशा मी कधी पाठ केला नाही. तरी आजही डोळे मिटून काढता येईल.

17 सप्टेंबर 2024, मंगळवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आले. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी ढोल-ताशे.

देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण आमच्या भागाला आणखी तेरा महिने थांबावं लागलं. माझे पणजोबा निजामाच्या राज्यात शिकले. मराठी घरी, शाळेतला पुढचा अभ्यास उर्दूतून. त्यांची एक जुनी हिशेबाची वही आजीनं ट्रंकेत जपून ठेवली आहे. आत मराठी आकडे, मराठी नावं आणि पानाखाली सही मात्र उर्दूत. लहानपणी त्या सहीवरून मी बोट फिरवत असे. आपल्या भाषेतून शिकायला मिळणं ही आम्हाला सहज मिळालेली गोष्ट त्यांना मिळाली नव्हती, हे त्या पानावर दिसतं.

निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मुळात शिक्षक. आधी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, मग अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय. मुक्तीनंतर दोनच वर्षांत, 1950 मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. पुढे 17 सप्टेंबर 1994 ला स्वामीजींच्या नावाचं विद्यापीठ नांदेडला सुरू झालं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते आणि ज्याला सगळा महाराष्ट्र लातूर पॅटर्न म्हणतो तो याच कॉलेजात घडला. जादा तास, सराव परीक्षा, तपासलेले पेपर पुन्हा मुलांच्या हातात देऊन चुका दाखवणं, एवढंच त्याचं मूळ. मोठ्या शहरांच्या बरोबरीनं आपली खेड्यातली पोरं यावीत म्हणून शिक्षकांनी घेतलेले ते कष्ट होते. भिंतीवरचे फोटो बघताना हे विसरायचं नाही.

30 सप्टेंबर 2024, सोमवार

आज मेसच्या मावशी कमी बोलत होत्या. त्या औसा तालुक्यातल्या, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावच्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती बुडवून दमलेली माणसं गाढ झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. किल्लारी आणि आसपासच्या गावांत जवळपास दहा हजार माणसं गेली. उन्हाळ्यात थंडावा देणारी घरंच अंगावर आली.

मावशी तेव्हा प्राथमिक शाळेत होत्या. जेवणं उरकल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. म्हणाल्या, "काही दिसानं पत्र्याच्या शेडात शाळा भरली. पाटी नव्हती, दप्तर नव्हतं. पण गुरुजींनी हजेरी घेतली. कुणाचं नाव घेतलं की कुणी 'हजर' म्हणायचं, कुणाच्या नावाला गप्प. तरी शाळा भरली तवा वाटलं, गाव हाय अजून."

त्यांचा चुलतभाऊ पुण्याजवळच्या वाघोलीला शिकला. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी इथली सुमारे बाराशे मुलं तिकडे नेऊन शिकवली. मावशी मात्र आजीपाशी राहिल्या, सातवीनंतर शाळा सुटली. आज आम्हा पोरींना पहाटे उठवून चहा देतात आणि परीक्षेच्या दिवशी हातावर दही-साखर ठेवतात.

फिजिक्सच्या पुस्तकात तरंगांचा धडा आहे. आज तो वाचताना प्रत्येक ओळीला मावशींचं गाव आठवत होतं.

21 ऑक्टोबर 2024, सोमवार

बाबा सोयाबीन घेऊन मार्केट यार्डात आले होते. यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये आहे, पण आडतीत त्याच्या खालीच बोली लागली. दाण्यात ओलावा जास्त म्हणून आणखी भाव उतरवला. कट्टे परत गावाकडे न्यायचे तर गाडीभाडं अंगावर, म्हणून घातले. ते पैसे खिशात घेऊनच बाबा होस्टेलच्या दारात आले. माझ्या फीचा दुसरा हप्ता होता.

दुपारी आम्ही गंजगोलाईत गेलो. मध्ये जगदंबेचं देऊळ आणि चारी बाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात. भांड्यांची गल्ली वेगळी, कापडाची वेगळी, सोन्याची वेगळी. बाबा लहानपणी पहिल्यांदा इथे आले तेव्हा आजोबांचा हात सुटून हरवले होते. एका दुकानदारानं त्यांना ओट्यावर बसवून गूळ-शेंगदाणे दिले होते. तो ओटा बाबांनी मला दाखवला. मग पुरी-भाजी खाल्ली. मला थंडीसाठी स्वेटर घेतला, स्वतःसाठी काही नाही.

निघताना म्हणाले, "तू निस्तं अभ्यासाकडं ध्यान दे. बाकीचं मी बघायलोय." बाकीचं त्यांच्या तळव्यांवर दिसतं. सोयाबीन काढणीत काडाच्या टोकांनी पडलेल्या बारीक चिरा, त्यात बसलेली काळी माती. फीच्या पावतीवर फक्त रक्कम लिहिलेली असते. मी ती पावती वहीत चिकटवली आहे आणि खाली लिहिलं आहे, सोयाबीनचे कट्टे, आडत, ओलावा.

30 डिसेंबर 2024, सोमवार. गाव

येळवस! पंचांगात वेळा अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. लातूर जिल्ह्यात या दिवशी शहरं ओस पडतात, दुकानं बंद, सगळी माणसं रानात. क्लासमध्ये सांगितलं होतं की परीक्षा जवळ आल्यात, शक्यतो जाऊ नका. मी गेले. रूममेटलाही सोबत घेतलं. ती बिलोलीकडची, दिवाळीनंतर रात्री झोपत नव्हती, जेवण अर्धंच टाकायची. टेस्टमध्ये मार्क घसरले की दिवसभर कुणाशी बोलायची नाही. आम्ही काल संध्याकाळी चाकूरमार्गे अहमदपूरची एसटी धरली.

आई आणि काकू पहाटे तीनपासून चुलीपाशी होत्या. भज्जीत तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे दाणे, चुका, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, शेंगदाणे आणि वरून ताकात कालवलेलं बेसन. बाजरीचे उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबील दोन दिवस आधीच मुरत घातलेलं. मडक्याला चुन्याची नक्षी काढून बाबांनी ते घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतलं आणि सगळं घर रानाकडे निघालं.

रानात कडब्याची कोप उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाल्यावर बाबा आंबील शिंपडत बांधाबांधानं फिरले. ज्वारी पोटऱ्यात, हरभऱ्याला घाटे धरलेले, पलीकडे करडई. मग पंगत. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बाबांनी हाक मारून बसवलं, येळवशीला कुणी उपाशी जाऊ द्यायचं नसतं. रूममेटनं तीनदा भज्जी मागून घेतली. जेवून ती कोपीच्या सावलीत झोपली ती दिवस कलल्यावर उठली. आजीनं कुणाला तिला हलवू दिलं नाही. "निजू द्या लेकराला. लई दिसाची झोप हाय ती."

संध्याकाळी पोरांनी हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून शेताभोवती फिरवला. घरी येताना रूममेट म्हणाली, "परत गेल्यावर मी तुझ्याबरोबर जेवायला बसत जाईन." मला तिच्या कुठल्याही टेस्टच्या मार्कांपेक्षा हे मोठं वाटलं.

10 फेब्रुवारी 2025, सोमवार. लातूर

उद्यापासून बारावीचे पेपर. पहिला इंग्रजी.

आज विचारवंत नरहर कुरुंदकरांचा स्मृतिदिन. 1982 मध्ये याच तारखेला औरंगाबादला व्यासपीठावरच ते गेले. नांदेडच्या आमच्या शाळेत मराठीचे सर त्यांच्याविषयी नेहमी सांगायचे. हा माणूस इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला होता, आणि तरी वाचत राहिला, बोलत राहिला, शाळेत शिकवत राहिला. पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. भरत नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत त्यांनी ज्या विषयाला हात घातला त्यावर महाराष्ट्र त्यांचं ऐकत असे.

सर हे सांगून थांबायचे नाहीत. शनिवारी शेवटच्या तासाला एक प्रश्न द्यायचे आणि म्हणायचे, उत्तर नको, या प्रश्नातून आणखी प्रश्न काढा. लातूरनं मला चार पर्यायांतून एक निवडायला शिकवलं, ते कौशल्य मला हवंच आहे. पर्यायांच्या बाहेर बघायला मात्र मला नांदेडच्या त्या शनिवारांनी शिकवलं. उद्या पेपरला जाताना दोन्ही बरोबर असतील.

12 एप्रिल 2025, शनिवार

2016 मध्ये आजच्याच दिवशी लातूरला पाण्याची रेल्वे आली. मिरजेहून, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलेलं, टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी. क्लासमधली लातूरचीच मैत्रीण सांगत होती, तेव्हा तिच्या घरी आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यात कपडे बुडवायचे आणि उरलेलं संडासाला. आजही ती नळ पूर्ण सोडत नाही.

त्या उन्हाळ्यात मी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. गुरुजींनी गाठी मारलेला एक दोर केला होता. दर शनिवारी आम्ही शाळेमागच्या विहिरीवर जायचो. गुरुजी दोर सोडायचे, आम्ही ओल्या आणि कोरड्या गाठी मोजायचो आणि वर्गातल्या तक्त्यावर खडूनं रेघ काढायचो. दिवाळीनंतर रेघ खाली खाली येत गेली. मार्चमध्ये एका शनिवारी दोर तळाला टेकला आणि वर आला तो कोरडा. कुणी काही बोललं नाही. गुरुजींनी खडू माझ्या हातात दिला. आलेख म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकले.

4 मे 2025, रविवार

नीट झाली. दुपारी दोन ते पाच, 180 प्रश्न. फिजिक्स फार कठीण होतं, बाहेर आलेली बहुतेक मुलं रडवेली होती. बाबा फाटकाबाहेर लिंबाखाली उभे होते. पेपर कसा गेला हे विचारलं नाही. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. मावशींनी दिलेला डबा आम्ही तिथेच उघडला.

16 जून 2025, सोमवार. गाव

परवा निकाल लागला. सरकारी कॉलेज मिळेल की नाही हे प्रवेशफेऱ्यांतच कळेल. रूममेट पुन्हा एक वर्ष देणार आहे, आणि हे तिनं स्वतः, शांतपणे, मला फोन करून सांगितलं.

आज शाळा उघडली. चुलतभाऊ पहिलीत गेला, त्याला सोडायला मी गेले होते. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, नवी पुस्तकं, गुलाबाची फुलं. माझे गुरुजी बदलून गेलेत, पण विहीर आहे. नव्या बाईंना मी गाठींच्या दोराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुरू करूया की, तूच पहिल्या शनिवारी ये." मी जाणार आहे.

मराठवाड्यातली हजारो मुलं दरवर्षी दहावी संपली की लातूरला, नांदेडला येतात. त्यांच्या आई-बाबांना मला एवढंच सांगायचं आहे. लेकरांना जरूर पाठवा, इथले शिक्षक मनापासून शिकवतात आणि कष्टाची सवय जन्मभर पुरते. फोनवर मार्क विचारण्याआधी जेवलीस का, झोपलास का, हे विचारा. आणि येळवशीला त्यांना घरी न्या. एका दिवसाच्या सुट्टीनं कुणाचं मेडिकल हुकत नाही.